लकव्यानंतर बाबांच्या हाती गाडीची चाबी द्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंच्या वडिलांना, वय ५९, होळीनंतर लकवा मारला. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आणि डावा हात-पाय गेला. सहा महिन्यांत ते काठी सोडून चालायला लागले. मूठ वळते, बोलणं स्वच्छ आहे. सात एकर वावर घरापासून चार किलोमीटरवर आहे आणि वाटेत राष्ट्रीय महामार्ग ओलांडावा लागतो. दसऱ्याच्या पुढे कापूस फुटेल, म्हणून बाबा मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दोन्हींची चाबी मागतात. डॉक्टर म्हणाले, ‘आता बरे आहेत.’ पोळ्याच्या दिवशी पुतण्याने मोटारसायकल दिली, तर नाल्याच्या पुलाच्या कठड्याला डावा पाय खरचटून आले. बाबांचं म्हणणं, पूलच अरुंद आहे.

ताई, चाबी सध्या देऊ नका. मोटारसायकलची नाही आणि ट्रॅक्टरचीही नाही. कायमची नाही असं मी म्हणत नाही. पण आज नाही, आणि तपासणी झाल्याशिवाय तर नाहीच.

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एक त्या कठड्याची. दुसरी तुम्ही खाली सहज लिहून गेलात: ‘बाबांना तिखट आवडेनासं झालंय, ताटातल्या ठेच्याला आणि लोणच्याला हातच लावत नाहीत.’ आपल्याकडे ताट वाढताना ठेचा-लोणचं कुठे वाढतात? डावीकडे. कठडा डावा, खरचटलेला पाय डावा, ताटातली न खाल्लेली बाजूही डावी. आज रात्री एक करा. बाबा जेवायला बसले आणि ठेचा तसाच राहिला, की काही न बोलता ताट अर्धं फिरवा, म्हणजे डावीकडचं उजवीकडे येईल. त्यांनी ठेच्याला बोट लावलं तर तिखट नावडतं झालेलं नाही. ते त्यांना सापडत नव्हतं.

याला आमच्या भाषेत ‘निग्लेक्ट’ म्हणतात, एका बाजूचं दुर्लक्ष. यात डोळे चांगले असतात, चष्म्याचा नंबरही बरोबर असतो. बिघाड असतो तो मेंदूच्या पहाऱ्यात. मेंदूचा उजवा अर्धा भाग डावीकडे आणि उजवीकडे, दोन्हीकडे लक्ष ठेवतो. डावा अर्धा भाग मुख्यतः उजवीकडेच बघतो. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा बरंच सांभाळून घेतो, पण उजव्याला झाली तर डावीकडे पाहणारं कोणी उरत नाही. माणसाला त्या बाजूला अंधार जाणवत नाही, काही अडतं असंही वाटत नाही. त्याच्यापुरतं जग तेवढंच असतं. दाढीचा डावा गाल अर्धवट राहतो, सदऱ्याची डावी बाही वळून आत राहते, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो. हे घरात घडतं तेव्हा आपण ‘आजारपणामुळे जरा वेंधळेपणा आलाय’ म्हणून सोडून देतो. रस्त्यावर ते सोडून देता येत नाही. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि खेड्यात रस्त्याची डावी कड म्हणजे सगळं गाव असतं: शाळेतून येणारी पोरं, सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या बाया, बकऱ्या, उभी बंडी (बैलगाडी), खचलेली साइडपट्टी.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बावीस वर्षांपैकी बहुतेक काळ वर्धा आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांतले लकव्याचे आणि डोक्याला मार लागलेले रुग्ण बघत आले. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगते. एक पन्नाशीचे शेतकरी होते. डाव्या हाताची पकड मी मोजली, पाय उचलायला लावला, गुडघ्याचा जोर बघितला. सगळं छान होतं. त्यांनी विचारलं, ‘मॅडम, गाडी चालवू ना?’ मी म्हटलं, हळूहळू सुरू करा. त्या दिवशी ते खोलीतून बाहेर पडताना डाव्या पायातली चप्पल तिथेच विसरून गेले होते. मी हाक मारून ती दिली आणि तेवढ्यावर सोडलं. तीन आठवड्यांनी ते गळ्याच्या हाडाचा प्लास्टरपट्टा बांधून आले. रस्त्याच्या कडेला उभ्या बंडीच्या चाकावर गाडी गेली होती. दुपारचं लख्ख ऊन होतं. ते मला अगदी मनापासून म्हणाले, ‘तिथं बंडी नव्हतीच, मॅडम.’ खोटं बोलत नव्हते ते. बंडीत कोणी बसलेलं नव्हतं, नाहीतर काय झालं असतं हे मी आजही मनात आणू शकत नाही. तेव्हापासून माझ्याकडे तपासणी चपलांपासून सुरू होते.

घरी आणखी दोन गोष्टी करून बघता येतील. बाबांच्या समोर, हातभर अंतरावर बसा. त्यांना तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. तुमचे दोन्ही हात त्यांच्या नजरेच्या कडेला धरा आणि कधी उजवं बोट हलवा, कधी डावं, कधी दोन्ही एकदम. एकेक हलवल्यावर दोन्ही बाजू ओळखल्या, पण दोन्ही एकदम हलवल्यावर फक्त त्यांच्या उजव्या बाजूचंच सांगितलं, तर समजा की डावी बाजू गर्दीत हरवते. आणि रस्ता म्हणजे गर्दीच असते, एकेक वस्तू सुटी सुटी तिथे येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सूप. गव्हात वीस-पंचवीस तुरीचे दाणे मिसळून सुपात सारखे पसरा आणि सगळी तूर वेचायला सांगा. सूप त्यांच्या बरोबर मधोमध असू द्या आणि हलवू देऊ नका. वेळ बघू नका, राहिलेले दाणे कुठे राहिले ते बघा. आमच्याकडे यासाठी कागदावर चांदण्या खोडायची चाचणी असते, पण आयुष्यात पेन फारसं न धरलेल्या माणसाला कागद दिला की तो कागदालाच घाबरतो आणि चाचणी वाया जाते. सुपाला कोणी घाबरत नाही.

एक ध्यानात असू द्या. घरच्या या चाचण्यांत डावी बाजू सुटली, तर गाडी बंद. मात्र नाही सुटली, तर लगेच गाडी सुरू असा त्याचा अर्थ होत नाही. निग्लेक्ट सौम्य असेल तर शांत घरात लपून राहतो आणि दमल्यावर, घाईत, बाजाराच्या दिवशी वर येतो.

दुर्लक्षासारखीच दिसणारी पण वेगळी अडचण म्हणजे नजरेचा अर्धा भागच जाणे. लकव्यात दोन्ही डोळ्यांच्या डाव्या निम्म्या भागातली दृष्टी जाऊ शकते. अशा माणसाला बहुधा ते कळतं, तो मान वळवून बघायला शिकतो. पण सहा महिन्यांनंतर गेलेली नजर परत येण्याची आशा फार कमी असते. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पेरिमेट्री करावी लागते. डोकं टेकवून बसायचं, समोर दिव्याचे ठिपके लागतात, दिसला की बटण दाबायचं. सेवाग्रामला किंवा नागपूरला गेलात की ही तपासणी आवर्जून मागा. ब्रिटनमध्ये साध्या मोटारीसाठीसुद्धा आडवी किमान १२० अंशांची नजर लागते आणि मध्यापासून दोन्हीकडे किमान ५० अंश. आपल्या परवान्याच्या फॉर्म १ मध्ये २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का, एवढं विचारतात. बाबा ती सरळ वाचून दाखवतील. नजरेची धार आणि नजरेचा पसारा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता हात-पाय. ‘मूठ वळते’ हे वाचून मला आनंद झाला, सहा महिन्यांत एवढं परत येणं ही बाबांची मेहनत आहे. पण मोटारसायकलवर डाव्या हाताला काय काम असतं ते बघा. क्लच पूर्ण दाबायचा आणि मग थोडा थोडा सोडायचा. दाबणं जमतं, सोडणं जमत नाही, कारण लकव्यानंतर बोटं वळतात आधी आणि उघडतात उशिरा. डाव्या पायाला गिअर. पंजा वर उचलला जात नसेल तर बूट गिअरच्या दांडीत अडकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते थांबताना. उजवा पाय ब्रेकवर असतो, म्हणून गाडी थांबली की आपण डावा पाय टेकतो. बाबांचा कमजोर पाय नेमका तोच. मागे आई बसलेली, टाकीवर खताची थैली, महामार्गाच्या कडेला थांबून ट्रक जायची वाट बघायची. तिथे गाडी पडली तर डावीकडेच पडणार.

अजून एक तपासणी मी कधीच सोडत नाही. डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर-खाली करते आणि विचारते, वर आहे का खाली? ज्याला हे सांगता येत नाही त्याला पाय कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. असा माणूस पायडल शोधायला खाली बघतो. ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. अर्धा सेकंद खाली बघितलं तर साडेपाच मीटर, म्हणजे जवळपास बैलजोडीसकट एक बंडी, आंधळेपणाने पार झाली. उजव्या बाजूचा लकवा असेल तर प्रश्न ब्रेकचा येतो. ताठरलेला पाय ब्रेकवर ठेवला की घोटा थरथर कापायला लागतो, ब्रेक धरत-सोडत राहतो. वाचा गेली असेल, शब्द सापडत नसतील, तर एवढ्याने गाडी चालवायला बंदी होत नाही. पाट्या समजतात का आणि अडचणीत मदत मागता येते का, हे मात्र बघावं लागतं.

ट्रॅक्टरबद्दल घरोघरी एक समजूत आहे, तो हळू चालतो म्हणून धोका नाही. मला ट्रॅक्टरची भीती मोटारसायकलपेक्षा जास्त वाटते. क्लच डाव्या पायाला असतो आणि जड असतो. उजव्या पायाला ब्रेकची दोन पायडलं, एक डाव्या चाकाचं, एक उजव्याचं. वावरात वळण घ्यायला ती सुटी ठेवतात आणि रस्त्यावर येताना खिटी लावून जोडायची असतात. ज्याला एक काम करताना दुसरं आठवत नाही तो खिटी लावायला विसरतो, रस्त्यावर एकाच बाजूचा ब्रेक लागतो आणि ट्रॉलीसकट ट्रॅक्टर फिरतो. बांधावरून डावं चाक घसरलं तर उलटायला दोन सेकंद पुरतात. ‘वावरात कोण बघतं’ असं पुतण्या म्हणेल. वावरात डाव्या मडगार्डवर बसलेलं पोर असतं, डाव्या बाजूने डबा घेऊन येणारी बाई असते. ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या दांड्याजवळ, म्हणजे फिरत्या पीटीओजवळ, वाकलेला मजूर असतो. आणि गावच्या रस्त्यावर आला की कायद्यानेही ट्रॅक्टर हे मोटार वाहनच आहे, त्याला परवाना लागतो.

तुम्ही लिहिलंय की बाबा ऐकत नाहीत, ‘मले काई झालं नाई’ म्हणतात, म्हणून घरात रोज खटके उडतात. ताई, हा हट्ट नसेल. उजव्या मेंदूच्या लकव्यात आपल्यात काय कमी झालंय याची जाणीवच जाते. तो त्याच इजेचा भाग आहे. ज्या मेंदूने ‘माझं चुकतंय’ हे ओळखायचं, तोच जखमी आहे. म्हणून समजावून, रागावून, देवाची शपथ घालून उपयोग होत नाही. दाखवावं लागतं. मी रुग्णाला सुपातले राहिलेले दाणे स्वतःच्या हाताने चाचपायला लावते. काही माणसं गप्प होतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या क्षणी त्यांच्याजवळ बसून राहणं हेही माझ्या कामातच धरते मी.

आणि आईंना विचारा. बाबांच्या मागे बसून त्या पोळ्याला गेल्या होत्या का? मागे बसणाऱ्या बाईला सगळं कळलेलं असतं. तिने सीटखालची दांडी किती घट्ट धरली होती, कुठे डोळे मिटले, हे ती घरात बोलत नाही, पण एकटीला विचारलं की सांगते. माझ्या लेखी ती साक्ष पकड मोजायच्या यंत्रापेक्षा मोठी आहे.

डॉक्टर ‘बरे आहेत’ म्हणाले, ते खोटं नाही. बीपी आटोक्यात आहे, पुन्हा झटका आलेला नाही, चालतात, बोलतात, या अर्थाने बरे आहेत. त्यांना गाडीबद्दल वेगळं विचारलं होतं का? बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. पुढच्या भेटीत नेमकं विचारा: फिट येण्याचा धोका किती, चालू गोळ्यांपैकी कोणत्या गुंगी आणतात, नजरेची तपासणी हवी का. हात-पायांचा ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन चालू असेल तर त्याने झोप येते. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि बाबा उपाशी वावरात गेले, तर साखर उतरून चक्कर येईल.

फिटबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. लकव्यानंतर काही जणांना पहिल्या आठवड्यात, काहींना महिन्यांनी, कधी वर्षानेही फिट येते. सबंध अंग झटकलं म्हणजेच फिट असं नाही. हाताला थोडा वेळ झटके, तोंड एका बाजूला ओढणं, मध्येच बोलता बोलता हरवल्यासारखं होऊन मग काही न आठवणं, हे सगळं त्यात येतं. असं एकदाही झालं असेल तर गाडीचा विषय तिथेच थांबवून न्यूरॉलॉजिस्टना दाखवायचं. ब्रिटनमध्ये मिरगी असलेल्याला साध्या मोटारीसाठी सलग १२ महिने फिट न येणं लागतं. ट्रक-बससाठी गोळ्या बंद असताना सलग १० वर्षं. आपल्याकडे फॉर्म १ मध्ये मिरगी, अचानक शुद्ध हरपणं किंवा चक्कर येते का असा सरळ प्रश्न आहे, पण इतके महिने फिट नाही तर चालेल असा आकडा नियमात नाही. म्हणून पुष्कळ लोक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. माझ्याकडे येणाऱ्या फिटच्या रुग्णांत एक गोष्ट मी वारंवार बघते. गोळ्या नीट चालू असतात, पण आठवडाभर पंपाची लाईन रात्रीची असते, ओलितासाठी रात्र रात्र जागरण होतं आणि दुसऱ्या दिवशी फिट येते. झोपमोड हे फिटचं मोठं कारण आहे. ज्याच्या वावरात रात्रीची लाईन आहे त्याने त्या आठवड्यात तरी गाडीला हात लावू नये.

हे लकव्यापुरतंच नाही, म्हणून बाकीच्यांसाठी थोडं. डोक्याला मार लागलेल्या तरुणांत हात-पाय बहुधा धड असतात. बदललेला असतो तो स्वभाव: घाई, चिडकेपणा, आधी करायचं आणि मग विचार. घरचे म्हणतात ‘आधी असा नव्हता’. कवटीचं हाड आत दबलं असेल किंवा मेंदूत रक्त साचलं असेल तर पुढे फिट येण्याचा धोका वाढतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असेल तर बसल्या बसल्या अचानक डोळा लागू शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल असलेल्या तरुण मुलांनाही लकवा होतो. वय कमी म्हणून त्यांची तपासणी कोणी करत नाही. आणि आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे उष्माघात. तापमान ४५-४६ च्या वर गेल्यावर उष्माघाताने बेशुद्ध झालेला माणूस वाचतो, पण लहान मेंदूच्या पेशी उष्णतेला फार नाजूक असतात. मग जीभ जड पडते, चाल दारू प्यायल्यासारखी होते, हात निशाण्यावर जात नाही. ताकद पूर्ण असते, त्यामुळे घरच्यांना वाटतं हा चालवू शकेल. त्याला पायडलवर नेमका पाय ठेवायला सांगा, लगेच दिसतं. फवारणीची विषबाधा होऊन दवाखान्यातून सुटलेल्यानेही नजरेचा धूसरपणा आणि अंगातली कमजोरी पूर्ण जाऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी घेऊ नये.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८६ प्रमाणे, आपल्याला असा आजार किंवा व्यंग आहे की आपण गाडी चालवणं लोकांना धोक्याचं आहे, हे माहीत असून चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे २,००० पर्यंत. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल. पण कोणाला लागलं आणि कागदोपत्री लकवा असताना तपासणी नव्हती हे निघालं, की विम्याच्या भरपाईत वाद सुरू होतो आणि सात एकर गहाण पडायची वेळ येते. बाबांचं वय ५५ च्या पुढे आहे, त्यामुळे परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो आणि डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. त्या फॉर्मवर नजर, रंग ओळखणं, ऐकणं, हात-पाय यांचे प्रश्न आहेत. डावीकडचं सुटतं का, हा प्रश्न त्यावर नाही. सही मिळाली एवढ्याने निर्धास्त होऊ नका.

मग परत चाबी मिळायचा रस्ता कसा? ब्रिटनसारख्या काही देशांत लकव्यानंतर साध्या गाडीला साधारण महिनाभर बंदी असते, धंद्याच्या मोठ्या गाडीला त्याहून कितीतरी जास्त. पण तो किमान काळ आहे. बाबांचा महिना केव्हाच उलटलाय, तरी प्रश्न उरलाच आहे. दुर्लक्षात सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते, पुढे होते पण हळू. सराव मात्र आजपासून करता येतो. ताटाच्या डाव्या कडेला लाल दोरा बांधा, वर्तमानपत्राच्या डाव्या समासावर लाल रेघ ओढा. ‘आधी लाल शोधायचं, मग सुरुवात’ ही सवय लावा. बोलायला त्यांच्या डावीकडे बसा. चालताना दर दहा पावलांनी मान डावीकडे वळवून काय दिसलं ते सांगायला लावा: विहीर, बाभूळ, कोणाची म्हैस.

मग माझ्याकडे किंवा जवळच्या कोणत्याही ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे आणा. बसून करायच्या चाचण्या होतील. त्यात एक १-क-२-ख-३-ग अशी आकडा आणि अक्षर आळीपाळीने जोडत जायची आहे. दोन सूत्रं एका वेळी डोक्यात धरता येतात का, ते त्यातून कळतं. गाडी चालवताना नेमकं हेच लागतं. मी ही चाचणी सकाळी एकदा घेते आणि दुपारी चारनंतर पुन्हा. लकव्यानंतरचा थकवा दिवस उतरताना बाहेर येतो आणि कापूस घरी आणायची वेळ संध्याकाळचीच असते.

त्यात निभावलं तर इंजिन बंद असलेल्या ट्रॅक्टरवर बसवायचं. नजर समोर, पाय क्लचवर, पुन्हा खाली, असं वीसदा. खाली बघितलं की मोजणी पहिल्यापासून. नंतर मोकळं मैदान, डावीकडे विटा मांडून. मग पांदण रस्ता, सोबत गाडी चालवता येणारा धडधाकट माणूस आणि भर दिवसा. महामार्ग ओलांडणं सर्वांत शेवटी. कुठल्याही टप्प्यावर डावीकडची वीट पडली तर महिनाभर थांबून पुन्हा. मोटारसायकल कदाचित कायमची सुटेल. त्याऐवजी बाजूला जादा चाकं लावलेली, गिअर नसलेली स्कूटर जमू शकेल. त्यासाठी आरटीओकडून गाडीत बदलाची नोंद आणि परवान्यावर तसा शेरा घ्यावा लागतो. पण ती सुद्धा दुर्लक्ष गेल्यानंतरच. चाकं तोल सांभाळतात, लक्ष सांभाळत नाहीत.

या हंगामापुरतं मात्र दुसरा माणूस बघा. खर्च आहे, मला माहीत आहे. भाड्याच्या ट्रॅक्टरचे दोन-तीन महिन्यांचे पैसे निघणं कोरडवाहू घराला सोपं नाही. पण बाबांना घरी बसवू नका. रोज कोणाच्या तरी मागे बसवून वावरात न्या, उजव्या हाताने वजनकाटा धरू द्या, मजुरांचा हिशेब त्यांच्याकडेच ठेवा. चाबी काढून घेतल्याचं दुःख बहुधा गाडीचं नसतं, घरातला शब्द गेल्याचं असतं. आणि ‘मी नाही म्हणते’ असं तुम्ही म्हणू नका, ताई. लेकीने बापाला नाही म्हणणं दोघांनाही जड जातं. ‘वर्ध्याच्या मॅडमनी तपासल्याशिवाय नको सांगितलंय’ असं सांगा. राग माझ्यावर निघू द्या. पुतण्यालाही हेच सांगा, आणि दोन्ही चाब्या खुंटीवरून काढून आईंच्या डब्यात ठेवायला सांगा.

येताना दवाखान्याचे सगळे कागद, सीटी स्कॅन किंवा एमआरआयची फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटं आणि चष्मा आणा. बाबा रोजच्या चपला घालूनच येऊ देत. आणि निघण्याआधी मोटारसायकलचा डाव्या बाजूने एक फोटो काढा: फूटरेस्ट, गिअरची दांडी, आरसा, हँडलचं टोक. पुलाचा एक ओरखडा तुम्हाला माहीत आहे. त्याखेरीज आणखी किती आहेत, ते मला बघायचंय.